मदत हवी आहे: भरतीच्या टेस्टवर कितपत भरवसा ठेवायचा?

नमस्कार मंडळी. मरोळच्या एका मध्यम कंपनीत एचआर बघते. कस्टमर सपोर्टच्या भरतीसाठी एक ऑनलाइन पर्सनॅलिटी टेस्ट आमच्या गळ्यात पडली आहे. विकणारा सारखा 'क्रॉनबॅक अल्फा ०.८५' (टेस्टमधले प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत, ते सांगणारा आकडा) ऐकवतो. ठीक आहे, प्रश्न एकमेकांशी जुळत असतील. पण समोरचा माणूस चिडलेल्या ग्राहकाला फोनवर सांभाळेल का, हे त्यावरून कुठे कळतं? वैधतेचा, म्हणजे टेस्टवरून कामाचा खरंच अंदाज येतो याचा, पुरावा मागितला की ब्रोशर पुढे करतो.

एक विधान बघा: 'मला गर्दीत राहायला आवडतं.' रोज विरार लोकलने येणाऱ्या मुलाने 'अजिबात नाही'वर टिक केलं. रिपोर्टात शेरा: 'लोकांत मिसळत नाही.' प्रत्यक्षात पोरगा एक नंबरचा गप्पिष्ट!

श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८च्या अभ्यासात बुद्धिमत्ता चाचणी आणि स्ट्रक्चर्ड मुलाखत (सगळ्यांना तेच ठरावीक प्रश्न), दोन्हींचा कामगिरीशी सहसंबंध ०.५१ होता (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी फेरहिशेब केला, तेव्हा मुलाखत ०.४२ आणि बुद्धिमत्ता चाचणी ०.३१ वर आली. म्हणून मला ठरावीक प्रश्नांची मुलाखत आणि तक्रारीचा एक नकली कॉल, एवढंच पुरेसं वाटतं.

आता अडचण. आमची भरती वर्षाला जेमतेम तीसेक जणांची. एवढ्यांचे स्कोअर आणि सहा महिन्यांनंतरचं रेटिंग ताडून काही अर्थ निघेल का? शिवाय टेस्टमध्ये गळलेले आत येतच नाहीत, मग तुलना कोणाशी करायची? आणि एकाच कॉलला दोन परीक्षक वेगळे गुण देतात, ते कसं आवरता? कोणाकडे गुण देण्याचा तक्ता असेल तर प्लीज पाठवा. साहेबांपुढे लवकरच मांडायचं आहे.