हार्ड अ‍ॅनोडायझिंगनंतर जॉब (बनवलेला पार्ट) खरखरीत येतोय, घासला तर चालेल का?

लेथवाला_भोसरी: नमस्कार मंडळी. न्यूमॅटिक व्हॉल्व्हचे स्पूल (हवेच्या व्हॉल्व्हमध्ये पुढेमागे सरकणारा दांडा) बनवतोय, मटेरियल ६०६१ (अ‍ॅल्युमिनियमचा ग्रेड), व्यास २० मिमी, वर ५० मायक्रॉनचा कडक ऑक्साइड थर म्हणजे हार्ड अ‍ॅनोडायझिंग. टर्निंगनंतर आरए (पृष्ठभागाचा खरखरीतपणा, मायक्रॉनमध्ये) ०.४ मिळतो पण कोटिंग होऊन आला की १ च्या वर जातो, नख फिरवलं तरी कळतं, आणि ओ-रिंग लगेच झिजतात. प्लेटिंगवाला म्हणतो असंच येतं. एमरी मारू का? कोटिंग निघून जाईल अशी भीती वाटते.

मायक्रॉन: तो बरोबर बोलतोय, असंच येतं. हा थर पेंटसारखा वरून बसत नाही, अ‍ॅल्युमिनियममधूनच उगवतो, साधारण निम्मा आत निम्मा बाहेर, त्यामुळे टूलच्या रेघा बुजत नाहीत उलट अजून उठून दिसतात. म्हणून आधी जॉबच पॉलिश करून आरए ०.२ पर्यंत आण आणि मग पाठव. आणि कोटिंग ६० मायक्रॉन करून घे, नंतर प्रत्येक बाजूने १० लॅपिंगमध्ये (बारीक घासून) काढायचे, ५० उरतात. टर्निंग करताना फायनल साइजपेक्षा व्यासात ४० मायक्रॉन कमी ठेव (एका बाजूला ३० वाढतात, १० निघतात, म्हणजे २०, दोन्ही बाजू मिळून ४०), हे विसरलास तर स्पूल व्हॉल्व्हच्या बोअरमध्ये (भोकात) जाणारच नाही!
एमरी नको. थर स्वतःच अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा आहे, एमरी त्याच जातीची, नुसती घासत बसते. सिलिकॉन कार्बाइडचा काळा वॉटर पेपर घे, १००० मग १५००, पाणी सोडत राहा, शेवटी डायमंड पेस्ट.

जॉबवर्क_चाकण: वरचं सगळं पटलं. पण मटेरियल खरंच ६०६१ आहे का ते सर्टिफिकेट मागून बघा, बाजारात बार मिक्स होतात. २०१४, २०२४ मध्ये ४ टक्क्यांच्या आसपास तांबं असतं, त्यावर थर ओबडधोबडच येतो, कितीही पॉलिश करा. शिवाय कोटिंगआधी कॉस्टिकमध्ये एचिंग (केमिकलने पृष्ठभाग खाणं) जास्त वेळ झालं तर तुमचं पॉलिश तिथेच संपलं, प्लेटिंगवाल्याला अगदी कमी एचिंग करायला सांगा.

लेथवाला_भोसरी: मस्त, एचिंगचं डोक्यातच नव्हतं. बफवर मारलं तर? लॅपिंगला फार वेळ जाईल.

मायक्रॉन: जोर देऊन बफ केलंस तर जॉब तापतो, अ‍ॅल्युमिनियम थरापेक्षा कितीतरी जास्त फुगतं आणि थराला केसासारख्या बारीक चिरा जातात. स्पूलला तर नकोच. लेथवर कमी आरपीएमला वॉटर पेपर धर, कडांवर मात्र दाबू नकोस, तिथे थर पटकन निघतो. ग्रूव्हच्या (खाचेच्या) कडांना दीड-दोन मिमी रेडियस (गोलाई) आहे ना? धारदार कडेवर हार्ड अ‍ॅनोडायझिंग तडकतं.

लेथवाला_भोसरी: ड्रॉइंगमध्ये शार्प दाखवलंय. आजच कस्टमरशी बोलतो.