एचआयव्ही रिपोर्ट निगेटिव्ह, तरी धाकधूक जात नाही: तुमचे अनुभव लिहा

टेस्ट निगेटिव्ह आली, डॉक्टर म्हणाले विषय संपला, आणि तरी रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. अशी बरीच माणसं आहेत, पण बोलायला गेलं की पहिला प्रश्न येतो, 'मुळात टेस्ट करायची वेळ का आली?' म्हणून हा धागा काढतेय. स्वतःचा किंवा घरातल्या माणसाचा अनुभव लिहा, वेगळ्या आयडीने लिहिलंत तरी चालेल. फक्त कोणाच्या वागण्याचा न्यायनिवाडा इथे नको, ही कळकळीची विनंती.

निनावी१
लग्न ठरायच्या आधीची गोष्ट. एका प्रसंगानंतर मनात भीती बसली. चौथ्या पिढीची टेस्ट केली, निगेटिव्ह. डॉक्टरांनी नीट समजावलं, की ही टेस्ट विषाणूचं पी२४ प्रथिन आणि आपल्या शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी असं दोन्ही शोधते. लॅबमध्ये शिरेतल्या रक्तावर केली असेल तर ४५ दिवसांनंतरचा निगेटिव्ह पक्का धरायचा. मला सगळं पटलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत पटलेलं होतं. मग मानेवरच्या गाठी चाचपायची सवय लागली. आंघोळ करताना, सिग्नलला थांबल्यावर, मीटिंगमध्ये कॉलरखाली बोट घालून. दाबून दाबून तिथे दुखायला लागलं, आणि दुखतंय म्हणजे नक्कीच काहीतरी आहे असं वाटून आणखी दाबायचो. पुढची टेस्ट केली की चार दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच.

शिफ्टवाली
मी स्टाफ नर्स. सुई टोचली, पेशंट पॉझिटिव्ह. ७२ तासांच्या आत पेप (लागण टाळण्यासाठीचा औषधांचा कोर्स) सुरू करायचं असतं, मी दोन तासांत पहिली गोळी घेतली आणि २८ दिवसांचा कोर्स पूर्ण केला. नंतरच्या सगळ्या टेस्ट निगेटिव्ह. इतरांना समजावणारी मी, पण घरी लेकीचा उष्टा घास खाणं बंद केलं. तिने गालाची पापी घेतली की तोंड धुवायचे. लाळेतून हे पसरत नाही हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल! माहिती असणं आणि भीती जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा कळलं.

समुपदेशक_ताई
सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, बरीच वर्षं काम करतेय. टेस्ट मोफत असते आणि नाव गुप्त ठेवणं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंधनकारक आहे. तरी नावं बदलून पुन्हा पुन्हा येणारे आम्हाला चेहऱ्याने ओळखू येतात. रिपोर्ट हातात घेतात, उभ्या उभ्या वाचतात, दारापर्यंत जातात आणि परत येतात. 'मॅडम, नळीची अदलाबदल तर झाली नसेल ना?' मी रजिस्टर उघडून दाखवते. मग पुढचा प्रश्न, 'किट जुनं असेल तर?' प्रश्न संपत नाहीत, कारण त्यांना हवी असते शंभर टक्के खात्री, आणि ती कुठलाच कागद देत नाही. अशा वेळी आणखी एक टेस्ट करून देणं म्हणजे त्या माणसाचं नुकसान करणं, असं माझं स्पष्ट मत आहे. मी मानसोपचार विभागाची चिठ्ठी देते. काहींना राग येतो. येऊ दे.

अबोली_क
ताई, अगदी खरं. माझ्या नवऱ्याला ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार) निघाला. रोज रात्री दिवा मालवला की विचारायचे, 'तुला काय वाटतं, मला झालं असेल का?' मी रोज 'नाही हो' म्हणायचे. डॉक्टरांनी औषध सुरू केलं आणि मला सांगितलं, उत्तर द्यायचं बंद करा. तुमचं 'नाही' हीसुद्धा त्यांच्यासाठी एक टेस्टच आहे. फार जड गेलं. माणूस शेजारी घामाघूम झालाय आणि आपण म्हणायचं, 'आपलं ठरलंय ना, याचं उत्तर मी देणार नाही.' पहिले काही आठवडे भांडणं झाली, ते उशी घेऊन हॉलमध्ये झोपायला जायचे. हळूहळू विचारणं कमी झालं. आता महिन्यातून एखाद्या वेळी विचारतात, आणि बहुतेक वेळा स्वतःच थांबतात.

वाचनमात्र
मी पॉझिटिव्ह आहे. लिहू की नको, खूप विचार केला. रोज गोळी घेतो, सरकारी एआरटी (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या) केंद्रातून मोफत मिळते. विषाणूचं प्रमाण तपासणीत न सापडण्याइतकं खाली आहे आणि तसंच टिकून आहे, त्यामुळे शरीरसंबंधातून बायकोला लागण होत नाही. नोकरी करतो, मुलीची दहावी आहे. तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्या आयुष्याच्या नुसत्या कल्पनेने तुमची झोप उडते, त्यात सकाळी डबा भरायचा असतो आणि लोकल पकडायची असते.

नवा_आयडी
बोटाला टोचून केलेली टेस्ट आहे, तीन महिने उलटून गेल्यावरची. पुन्हा करू का?

समुपदेशक_ताई
@नवा_आयडी, त्यानंतर नवा धोक्याचा प्रसंग आला नसेल तर नको. अँटिबॉडी शोधणाऱ्या रॅपिड टेस्टला ९० दिवस पुरतात. एचआयव्हीबद्दल शंका असेल तर १०९७ ला फोन करा. झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, मराठीत बोलता येतं. दोन्ही मोफत आहेत. आज रात्रीच लावलात तरी चालेल.