सोसायटीच्या बागेत लेकाला कोणी खेळायलाच घेत नाही, काय करावं?

वाकडकर_आई:
नमस्कार मंडळी. लेक पुढच्या महिन्यात अडीच वर्षांचा होईल, घरात मी, नवरा आणि सासूबाई, दुसरं लहान मूल नाही. पोरगा प्रचंड माणूसवेडा आहे. लिफ्टमध्ये कोणी आलं की "काका तुझं नाव काय", कुरिअरवाल्याला "आत ये ना". संध्याकाळी खाली नेलं की पाच-सहा वर्षांची पोरं पकडापकडी खेळत असतात, हा त्यांच्या मागे "दादा मी पण, दादा मी पण" करत पळतो आणि ती म्हणतात तू छोटा आहेस, जा. मग घसरगुंडीच्या खाली उभा राहून नुसता बघत बसतो, मला फार कसंतरी होतं. बरं स्वतःच्या वयाच्या पोरांशी जमावं तर तिथे वेगळंच, वाळूत गेल्या गेल्या समोरच्याची बादली ओढायची नाहीतर एकदम तोंडासमोर जाऊन भॉक! परवा एका मुलीला एवढी घट्ट मिठी मारली की दोघंही धपकन आपटली, तिची आई काही बोलली नाही पण आता आम्ही आलो की ती मुलीला घेऊन झोक्याकडे निघून जाते. सासूबाई म्हणतात फार लाडावलाय, कोणाकडेही जातो, उद्या कोणीही उचलून नेईल. नवरा म्हणतो प्लेग्रुपला टाक, आपोआप शिकेल. मी स्वतः घुमी आहे, मला बाकावर बसून अनोळखी बायकांशी गप्पा मारायचं म्हटलं तरी घाम फुटतो, त्यामुळे याला नक्की काय शिकवायचं तेच कळत नाहीये. अडवू की सोडून देऊ?

सांगलीचा_बाबा:
आमच्या गल्लीत लिंबूटिंबू असायचा ना हो, धाकटं भावंड आलं की त्याला घ्यायचं, तो आउट होत नाही, राज्य येत नाही, नुसता पळतो आणि खूश असतो. आताच्या पोरांना ही भानगडच माहीत नाही. त्या पोरांतला जो लीडर असेल त्याला जाऊन सांगा, "हा तुमचा लिंबूटिंबू". आमच्या इथे चाललं.

निवृत्त_बालवाडीताई:
अगं, आधी एक सांगते, तो घसरगुंडीखाली उभा राहून बघतो ना, ते बघणं म्हणजे रिकामं उभं राहणं नाही. आम्हाला ट्रेनिंगला मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधक बाईंच्या मुलांच्या खेळण्याच्या पायऱ्या शिकवायचे, त्यांनी १९३२ साली मांडलेल्या. आधी एकट्याने खेळणं, मग दुसऱ्यांचं बघत राहणं, मग शेजारी बसून आपापलं खेळणं, मग देवाणघेवाण आणि शेवटी ठरवून मिळून खेळणं. ही काही शिडी नव्हे की एक पायरी सोडली की परत तिथे यायचं नाही, मुलं एका संध्याकाळी यातले बरेच प्रकार करतात. अडीच वर्षांचं मूल जास्त करून शेजारी शेजारी खेळतं, दोघं वाळूत पाठीला पाठ लावून बसलेली असतात, एकमेकांशी अक्षर बोलत नाहीत आणि एकाला उचललं की दुसरं भोकाड पसरतं. म्हणजे मैत्री चालूच होती की.

आता बादली ओढणं. त्याला बादली नकोय, ती मुलगी हवी आहे, फक्त "मी आलोय" हे कसं सांगायचं ते येत नाही. तू त्याला "विचार, मला खेळायला घ्याल का" असं शिकवत असशील तर ते सोड, मुलं त्यावर हमखास नाही म्हणतात, माझं सगळं आयुष्य हेच ऐकण्यात गेलं. त्यापेक्षा हातात काम घेऊन जायचं. तू स्वतः वाळूत बैठक मारायची, साडी-ड्रेसचा विचार करायचा नाही, आणि म्हणायचं, "बघ, ती डोंगर करतेय, डोंगराला पाणी लागेल, आणतोस?" पाणी आणणाऱ्याला कोणी हाकलत नाही. मोठ्या मुलांच्यातही तसंच, बॉल कुंपणाकडे गेला की आणून देणारा हा. आणि खाली जाताना एकसारख्या दोन वस्तू ने, दोन फावडी, दोन डबे. अडीचच्या मुलाकडून शेअरिंगची अपेक्षा करणं म्हणजे आपलीच डोकेदुखी.

प्लेग्रुपला घालायचं तर घाल, पण तिथे पंचवीस पोरांत एक मॅडम असेल तर आपोआप काही शिकत नाहीत, दाणदिशी मारायला मात्र शिकतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं तेव्हा मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मला तुझ्या बाबतीतही तेच वाटतं. त्या झोक्यावाल्या मुलीलाच घरी बोलाव, एकटीला, तासभर, तुमच्या जागेत. गर्दीत जमत नाही ते दोघांत जमतं.

तिरकस_तात्या:
आमच्या वेळी आया बागेत गप्पा मारायच्या आणि पोरं एकमेकांना बडवून मोठी झाली. उगाच सायकॉलॉजी कशाला, अडीच वर्षांचं पोरगं आहे, खेळेल.

मुलांसोबत_बोलू:
तात्या, तेव्हा वाड्यात सतरा पोरं होती आणि प्रत्येकावर कुणाची तरी आत्या नजर ठेवून होती. आता खाली अर्धा तास, तोही सिक्युरिटीच्या शिटीत 😄

मी स्पीच थेरपिस्ट आहे म्हणून सासूबाईंच्या मुद्द्यावर लिहिते. ही ओढ लाडाने येत नाही. १९७० च्या दशकात एड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, आईने काही महिन्यांच्या बाळाशी छान खेळायचं आणि मग एकदम चेहरा निर्विकार ठेवून नुसतं बघायचं. बाळ आधी हसून बघतं, आवाज काढतं, हात पुढे करतं, आईला परत खेळात ओढायला जमेल ते सगळं करतं, आणि काहीच होईना तर तोंड फिरवतं, रडतं. बोलता येत नाही त्या वयात एवढी खटपट. तुमचा मुलगा लिफ्टमध्ये तेच करतोय, फक्त आता त्याच्याकडे शब्द आहेत.

उचलून नेण्याची भीती मात्र मी झटकून टाकणार नाही. एक बघा, अनोळखी माणसाकडे जायच्या आधी तो मान वळवून तुमच्याकडे बघतो का. बघत असेल तर तुमच्या चेहऱ्यावरून तो परवानगी वाचतोय, त्याचा उपयोग करा. नियम साधा ठेवा: बोलायचं सगळ्यांशी, हात धरायचा किंवा कडेवर जायचं तर आधी आईला विचारून. मिठीच्या जागी टाळी. समोरच्याने हात पुढे केला तरच टाळी, नाही केला तर नुसतं टाटा. हे घरी टेडीबरोबर, आजीबरोबर खेळून घ्या, बागेत ऐन वेळी ओरडून शिकवलेलं डोक्यात जात नाही. त्याने मिठी मारायच्या आधी तुम्ही त्या मुलीच्या चेहऱ्याकडे बोट दाखवायचं, "बघ, ती मागे सरकली, तिला नकोय."

हा धागा अजून कोणी वाचत असेल म्हणून: मूल दीड-पावणेदोन वर्षांचं झालं तरी बोट दाखवून "ते बघ" करत नसेल, हाकेला वळत नसेल, वस्तू आणून दाखवत नसेल तर मोठं झालं की होईल म्हणून थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना विचारा. ऑटिझमची (स्वमग्नतेची) शक्यता आहे का हे बघणारी एम-चॅट नावाची प्रश्नावली १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असते, त्यावरून निदान होत नाही पण पुढे तपासायचं का ते कळतं. वाकडकर, तुमच्या वर्णनात मला तसं काही दिसलं नाही.

बर्लिनवासी:
प्लेग्रुपबद्दल एक. इथे बऱ्याच पाळणाघरांत पहिले तीन दिवस आईबाबांनी तासभर मुलासोबत वर्गातच बसायचं असतं, सोडून जायची परवानगीच नाही, चौथ्या दिवशी पहिल्यांदा थोडा वेळ बाहेर. आधी मुलाची एका ताईशी ओळख पक्की होऊ देतात, पोरांशी मैत्री नंतर. तुमच्याकडे निदान विचारून बघा, पहिला आठवडा आत बसू देतात का. गेटवरून रडतं मूल ओढून घेणाऱ्या ठिकाणी मी तरी घालणार नाही.

वाकडकर_आई:
सगळ्यांचे आभार. तो मान वळवून बघतो, आज मुद्दाम लक्ष दिलं. ताई, बॉल आणून द्यायचं काम सांगितलं तर बॉल उचलला आणि घेऊन पार गेटपर्यंत पळाला, मागे सहाही दादा, हा हसून हसून लोळायचा बाकी. ती पोरं वैतागली पण पाठलाग पकडापकडीसारखाच झाला म्हणा. आणि त्या मुलीच्या आईला घरी या कसं म्हणू? मिठी प्रकरणानंतर?

निवृत्त_बालवाडीताई:
सहा दादा मागे पळाले, अजून काय हवंय त्याला! उद्या आपला एक बॉल जास्तीचा ने, म्हणजे त्यांचा खेळ अडणार नाही. आणि तिच्या आईला सरळ सांग, "त्या दिवशी लागलं का हो हिला? आमचा सध्या मिठीऐवजी टाळी शिकतोय." एवढंच. घरी बोलवायची घाई नको, आधी चार दिवस वाळूत शेजारी बसा, ती निघून गेली नाही तर मग डब्यातलं काहीतरी पुढे कर. तू घुमी आहेस म्हणतेस, तर ती कशावरून नाही?