सिल्व्हरटनला रेल्वेशिवायही बरंच आहे

कुणीतरी लिहिलंय की कोलोरॅडोत ड्युरँगोहून वाफेच्या गाडीने सिल्व्हरटनला जायचं, जेवायचं आणि परत यायचं, बाकी तिथे काही नाही. अहो, असं कसं? अख्ख्या सॅन व्हान काउंटीत हे एकच गाव, साधारण ९,३०० फुटांवर, जेमतेम सहा-सातशे वस्ती, तरी सोनेरी घुमटाचं कोर्टहाऊस बघा काय थाटाचं आहे! रेल्वे १८८२ ला आली ती चांदीसाठी, टुरिस्ट नंतरचे.

मला सगळ्यात भारी वाटतो तो लेक एमा नावाच्या तळ्याचा किस्सा. जून १९७८, सनीसाइड खाणीत खोदत खोदत वरच्या तळ्याच्या तळापर्यंत गेले आणि अख्खं तळंच खाणीत घुसलं, पण नेमका रविवार, आत एकही माणूस नव्हता. गावाच्या वर डोंगरावर खाणकामगारांसाठी १९५९ मध्ये बांधलेला येशूचा संगमरवरी पुतळा आहे, बरेच जण श्रेय त्यालाच देतात. मी म्हणतो सुट्टीला द्या :)

शेवटची मोठी खाण १९९१ ला बंद झाली, पण जुन्या खाणींचं पाणी काही पिच्छा सोडत नाही, २०१५ मध्ये गोल्ड किंग ही जुनी खाण फुटली तेव्हा खाली अ‍ॅनिमस नदी चक्क केशरी झालेली. आणि हो, जमलं तर एक रात्र राहाच, दुपारची गाडी गेली की गाव एकदम शांत होतं.