अफगाण चर्चमधील स्मारकलेख : संवर्धन करताना राहून गेलेली नावे जोडावीत का?

बंदरकाठ (प्रश्न)

नमस्कार. कुलाब्यात नेव्ही नगरच्या वाटेवर असलेले सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट चर्च, ज्याला आपण सारे अफगाण चर्च म्हणतो, ते मी कित्येक वर्षे बसच्या खिडकीतून पाहत आलो होतो. आत जाण्याचा योग मात्र गेल्या महिन्यात पहिल्यांदा आला. अलीकडच्या वर्षांत तेथे मोठे संवर्धनकाम झाल्याचे वाचले होते, त्यामुळे छत आणि रंगीत काचा पाहायच्या या हेतूनेच गेलो होतो, पण पाय थबकले ते स्मारकलेखापाशी. सिंध आणि अफगाणिस्तान येथील मोहिमांत आजाराने वा तलवारीने, कर्तव्याचे स्मरण ठेवून, जे पडले त्यांच्या स्मृत्यर्थ हे चर्च बांधले आहे, असा त्याचा आशय आहे. अधिकाऱ्यांची नावे वेदीकडील भिंतींवर लिहिली आहेत, आणि दुय्यम अधिकारी व शिपाई मात्र ‘अशी नोंद करता न येण्याइतके’ जास्त होते, असे तो लेख स्वतःच सांगतो.

माझे दोन प्रश्न आहेत. एवढे मोठे चर्च उभारण्याइतका पैसा आणि जागा असताना नावांना जागा नव्हती, हे पटण्यासारखे आहे का? आणि एखाद्या युद्धस्मारकाचे जतन करताना अशा उणिवा त्याच वेळी भरून काढण्याची पद्धत आहे का, की जुना लेख आहे तसाच ठेवणे बंधनकारक असते? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

जुनी बखर

आपल्या पहिल्या प्रश्नाबाबत लिहितो. हे चर्च पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात, १८४२ च्या जानेवारीत, काबूलहून माघार घेताना नष्ट झालेल्या सैन्याचे स्मारक आहे असे सरसकट सांगितले जाते, आणि तेवढ्यावर थांबल्यास गोंधळ होतो. ६ जानेवारीला काबूल सोडणाऱ्या त्या तांड्यात सुमारे ४,५०० सैनिक आणि सुमारे १२,००० बाजारबुणगे होते; १३ जानेवारीला त्यातला जवळजवळ एकटाच वाचलेला लष्करी डॉक्टर विल्यम ब्रायडन थकलेल्या घोड्यावरून जलालाबादला पोहोचला, ते चित्र सर्वांच्या मनात आहे. ती फौज मुख्यतः कंपनीच्या बंगाल इलाख्याच्या सैन्याची होती. मुंबई इलाख्याची वेगळी फौज सर जॉन कीन याच्या हाताखाली १८३८ च्या अखेरीस समुद्रमार्गे सिंधमध्ये उतरली, पुढे कंदाहारमार्गे गेली आणि २३ जुलै १८३९ रोजी गझनीच्या लढाईत होती. लेखात सिंधचे नाव अफगाणिस्तानच्या बरोबरीने येते ते याही कारणाने, आणि ‘आजाराने’ हा शब्द तलवारीच्या आधी येतो तोही उगाच नव्हे. बोलन घाटातले आणि बलुचिस्तानातल्या कच्छीच्या रणरणत्या मैदानातले मृत्यू बहुतांशी ताप, हगवण आणि तहान यांचे होते.

या संदर्भात एक नाव मराठी वाचकांना ठाऊक असायला हवे, ते म्हणजे बलुचिस्तानातील मर्री टोळ्यांच्या मुलखातले कहान. १८४० च्या उन्हाळ्यात कॅप्टन लुईस ब्राऊन आणि ५ व्या बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या तुकडीने ती गढी महिनोन्महिने लढवली. त्यांच्या सुटकेसाठी निघालेली मेजर क्लिबॉर्नची फौज ऑगस्टअखेर नफुस्कच्या खिंडीत मागे रेटली गेली, आणि पाण्यावाचून तिची दैना झाली. शेवटी सप्टेंबरमध्ये मर्रींशी बोलणी करूनच ब्राऊनने गढी सोडली. हीच ५ वी पलटण पुढे १०५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. आज ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण आहे आणि ‘काली पाचवीं’ या नावाने ओळखली जाते.

आता ‘जागा नव्हती’ याबद्दल. लेखातली विभागणी शब्दशः पाहिली तर ती गोरे आणि काळे अशी नसून हुद्द्याची आहे, म्हणजे गोऱ्या शिपायाचेही नाव तेथे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटिश युद्धस्मारकांचा हा रिवाजच होता. साध्या शिपायाचे नाव दगडावर कोरावे ही कल्पना सर्वत्र रुजायला पहिले महायुद्ध यावे लागले. हिंदी शिपायाच्या वाट्याला हुद्दा आणि वर्ण असे दोन्ही अडसर आले, हे खरेच. बाजारबुणग्यांचा, म्हणजे उंटवाले, भिस्ती, डोलीवाले यांचा, तर त्या वाक्यात उल्लेखही नाही, आणि मला ही उणीव नावांच्या उणिवेपेक्षाही मोठी वाटते.

पैशाविषयी सांगायचे तर तो मुबलक होता असेही नाही. ऑक्सफर्डहून आलेला पहिला आराखडा झेपणारा नव्हता, म्हणून काम हेन्री कॉनिबेअर याच्याकडे आले. (मुंबईला विहार तलावाचे पाणी देणारी योजना आखणारा हाच तो अभियंता.) पायाभरणी ४ डिसेंबर १८४७ रोजी झाली, अभिषेक ७ जानेवारी १८५८ रोजी, आणि मनोरा पुरा व्हायला १८६५ उजाडले. मनोऱ्यासाठी कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी ७,५०० रुपये दिले होते. म्हणजे ख्रिस्ती सैनिकांच्या स्मारकाचे शिखर काही अंशी एका पारशी दात्याच्या पैशातून चढले, आणि ते जहाजांवरून दुरून दिसे.

चुना आणि दगड

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी व्यवसायाच्या अंगाने देते. मी वास्तुसंवर्धनाच्या कामात आहे. या चर्चच्या कामाशी माझा संबंध नव्हता, त्यामुळे पुढील मजकूर सर्वसाधारण पद्धतीविषयी समजावा.

थोडक्यात उत्तर ‘नाही’ असे आहे: मूळ लेखात भर घालायची नसते. स्मारकलेख हा जुन्या दस्तऐवजासारखा असतो, आणि त्यात काय लिहिले नाही हाही त्या दस्तऐवजाचाच भाग असतो. शिवाय ही वास्तू मुंबईच्या वारसा यादीत पहिल्या श्रेणीची आहे, त्यामुळे आतल्या बदलांनाही वारसा समितीची परवानगी लागते. इंग्लंडमध्ये तर पॅरिश चर्चमधील फलक हलवायचा किंवा त्यावर एक नाव वाढवायचे झाले, तरी धर्मप्रांताची लेखी अनुज्ञा घ्यावी लागते.

कोरलेली अक्षरे झिजली म्हणून ती पुन्हा खोल करून घ्यावीत अशी मागणी नेहमी होते. आम्ही ती शक्य तोवर टाळतो, कारण दर वेळी छिन्नी फिरली की अक्षर किंचित रुंद होते, टोके बोथट होतात आणि मूळ कारागिराचा हात पुसला जातो. त्याऐवजी प्रथम नोंद घेतात. अंधार करून दिवा फलकाच्या अगदी कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरायचा. समोरून न दिसणारे अक्षर सावलीमुळे उठून येते आणि छायाचित्रात नीट वाचता येते. त्यानंतर स्वच्छतेचा विचार करायचा, आणि तीही मऊ ब्रश, क्षारमुक्त पाणी आणि कापसाचे बोळे यांनी, आधी एका कोपऱ्यात हातभर जागेवर करून पाहून. डाग किंवा क्षार खोल गेले असतील तर कागदाच्या लगद्याचा ओला लेप थापतात. तो वाळताना क्षार स्वतःकडे ओढून घेतो.

तरीही फलक स्वच्छ करणे ही शेवटची पायरी आहे. कुलाब्यासारख्या ठिकाणी, समुद्राचे वारे आणि चार महिने पाऊस सोसणाऱ्या इमारतीत, फलकाचा खरा शत्रू भिंतीच्या आत असतो. अशा वास्तूंमध्ये काळा बेसाल्ट आणि पोरबंदरचा मऊ पिवळसर दगड चुन्यात बसवलेला असतो. नंतरच्या काळात कोणीतरी दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटने भरतो, भिंतीतल्या ओलीला दरजांतून बाहेर पडता येत नाही, ती मऊ दगडातून वाट काढते आणि पृष्ठभागाखाली मिठाचे स्फटिक धरून त्याचे पापुद्रे सुटू लागतात. त्यामुळे आधी छप्पर, पन्हळी आणि गटारे, मग सिमेंट काढून चुन्याच्या दरजा, आणि भिंत पुरती वाळल्यावर फलक, असा क्रम धरावा लागतो. देणगीदारांना मात्र फलकासमोर छायाचित्र काढायचे असते, आणि पन्हळीसमोर कोणी उभे राहत नाही.

वसईकर

चुना आणि दगड यांनी लिहिलेल्या क्रमाचे महत्त्व आम्ही किंमत मोजून शिकलो. आमच्या भागातील एका जुन्या चर्चमध्ये संगमरवरी स्मृतिफलक आहे. काही वर्षांपूर्वी सणाच्या तयारीत उत्साही मंडळींनी तो बाथरूमच्या फरशीसाठी आणलेल्या ॲसिडने धुतला. फेस आला तेव्हा सर्वांना वाटले की मळ निघतो आहे. प्रत्यक्षात निघत होता तो संगमरवर. दुसऱ्या दिवशी फलक पांढराशुभ्र दिसत होता, पण हात फिरवला तर साखर लागावी तसा खरखरीत. पुढच्या दोन पावसाळ्यांत त्याच खरखरीत भागावर शेवाळ धरले, आणि आता तळाच्या दोन ओळी वाचता येत नाहीत. काळा ऑइलपेंट भरून अक्षरे उठवावीत असा ठराव सध्या चर्चेत आहे. तो कसा थोपवावा?

एक भाषेची गोष्टही नोंदवतो. आपल्याकडे ‘जीर्णोद्धार’ म्हटले की लोकांना नवी फरशी, नवा रंग आणि दारात नवा फलक अपेक्षित असतो. ‘संवर्धन’ हा शब्द वापरला की निदान कोणीतरी थांबून अर्थ विचारतो.

सातारा रोड

भारतीय शिपायांच्या नावांविषयी एक समांतर उदाहरण देतो. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) पडलेल्या आणि कबर नसलेल्या ४०,००० हून अधिक जणांसाठी बसरा येथे १९२९ साली स्मारक झाले. मराठा पलटणी त्या आघाडीवर मोठ्या संख्येने होत्या. ११० वी मराठा तर तेथील कुत या गावाच्या वेढ्यात सापडून एप्रिल १९१६ मध्ये कैद झाली. त्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, पण हिंदी शिपायांची पलटणीनुसार केवळ संख्या कोरली. अफगाण चर्चच्या वेळी निदान हुद्द्याचा रिवाज पुढे करता येत होता. १९२९ साली ती सबबही उरलेली नव्हती. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ मध्ये अहवाल काढून अशा भेदभावाची कबुली दिली आणि माफी मागितली.

उलट आपल्या गावांकडे पाहा. सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांत चावडीच्या भिंतीत बसवलेली एक छोटी पाटी अनेक ठिकाणी आढळते: या गावातून महायुद्धात इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नाव तेथेही नाही, परंतु तो आकडा कोणाकोणाचा हे गावाला ठाऊक होते. ते सांगणारी म्हातारी माणसे गेली, आणि चावडीला रंग देताना पाटीवरूनही ब्रश फिरला. अशी एक पाटी मी स्वतः नखाने खरवडून वाचली आहे. (चुना आणि दगड रागावतील, हे मान्य.)

चुना आणि दगड

रागावणार नाही, पण पुढच्या वेळी नख नको. रंगाचा थर मऊ करणारा लेप मिळतो, आणि खालच्या अक्षरांना ओरखडा येत नाही.

वसईकर, ऑइलपेंटचा ठराव थोपवण्याचा सोपा मार्ग म्हणजे दुसरा पर्याय हातात ठेवणे. फलकाचे कडेच्या उजेडातले छायाचित्र काढून मजकूर वाचून घ्या, जुन्या नोंदवहीशी ताडून पाहा आणि तो छापून फलकाच्या शेजारी स्वतंत्र चौकटीत लावा. वाचता येत नाही ही लोकांची तक्रार रास्त आहे; ती मिटली की रंगाचा आग्रह बहुधा मावळतो. खरखरीत झालेल्या पृष्ठभागाला मेण किंवा वॉर्निश मात्र लावू नका, कारण ओल आत अडकेल.

बंदरकाठ, राहून गेलेल्या नावांनाही हाच न्याय लावावा असे मला वाटते. भिंतीवरचे वाक्य तसेच राहू द्यावे, आणि पलटणींची माहिती त्याच्या शेजारी, आपल्या काळाची तारीख घालून, वेगळी मांडावी. ‘इतके जास्त होते’ हे शब्द तेथून गेले, तर आपल्याला पडलेला प्रश्न पुढच्या माणसाला पडणारच नाही.

बंदरकाठ

सर्वांचा आभारी आहे. माझी समजूत दोन ठिकाणी चुकली होती: मी हे स्मारक केवळ काबूलच्या माघारीचे समजत होतो, आणि लेखातला भेद केवळ वर्णाचा. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे. चर्चच्या कार्यालयाची परवानगी मिळाली तर अधिकाऱ्यांची नावे आणि पलटणी उतरवून घेईन, म्हणजे कहानच्या त्या ५ व्या पलटणीचा कोणी अधिकारी त्या भिंतीवर आहे का ते कळेल. जुनी बखर, आपण उतारा तपासून द्याल का?

जुनी बखर

अवश्य. पलटणींचे आकडे मात्र जसेच्या तसे उतरवा, ‘एन. आय.’ (नेटिव्ह इन्फन्ट्री) ही दोन अक्षरे गाळू नका. देशी पलटण कोणती आणि गोरी कोणती, हे बहुतेक वेळा तेवढ्यावरूनच कळते.