मंडळात पोरांच्या मनाच्या आजाराबद्दल बोलायचंय, पण कुठल्या शब्दांत?

डेअरीकाका, खानापूर तालुका

नमस्कार. गावच्या दूध डेअरीवर मी 22 वर्षं वही लिहितोय. पहाटे साडेपाचला दार उघडतो, त्यामुळं गावातलं प्रत्येक पोर रोज माझ्यासमोर उभं राहतं. कुणाचं काय बिनसलंय ते मला त्यांच्या आईबापाच्या आधी कळतं, असं मी समजत होतो. माझ्या सख्ख्या पुतण्याचं मात्र चार महिने कळलं नाही.

तो भरतीची तयारी करायचा. मराठा रेजिमेंटचं सेंटर बेळगावातच, त्यामुळं आमच्याकडं घरटी एक तरी पोरगा सोळाशे मीटर पळत असतो. हा पळून आला की शर्ट पाठीला चिकटलेला, तसाच कॅन आणायचा आणि फॅट किती लागली ते बघायला माझ्या खांद्यावरून वाकायचा. दोनदा मेडिकलला अडकला. मग वय संपलं. पळणं बंद झालं, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मग कॅन उशिरा यायला लागला. मग वहिनीच घेऊन यायला लागल्या.

एक दिवस तोच आला. मी दूध मोजून पावती पुढं केली, तर तो नुसता पावतीकडं बघत उभा. मागं सात-आठजण खोळंबलेले. "अरे, घे की," म्हटलं. हात अर्धा वर आला आणि तिथंच राहिला. "हातच उचलत नाही बघा काका," म्हणाला. आणि मी हसलो. रांगेतलेही हसले. ते हसणं मला अजून झोपू देत नाही.

घरात तोवर सगळं करून झालं होतं. मोबाईल काढून घेतला, लग्नाचा विषय काढला, देवाला कौल लावला, अंगारा लावला. एका दवाखान्यात शक्तीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं आणि मनाच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून चिठ्ठी दिली. भाऊ तयार नाही. मनाच्या आजारांचा मोठा सरकारी दवाखाना धारवाडला, म्हणून आमच्याकडं 'ह्याला धारवाडला न्या' ही शिवीच आहे, त्यामुळं तिथं खरंच न्यायचं म्हटलं की घर गप्प होतं. चिठ्ठी माझ्या डायरीत आहे.

आता विचारायचं ते असं. गणपतीत आरतीनंतर निम्मं गाव मांडवात बसलेलं असतं. यंदा मी मंडळाकडून अर्धा तास मागून घेतलाय. पण बोलू कसं? 'नैराश्य' हा पेपरातला शब्द, गावात कुणी उच्चारत नाही. 'डिप्रेशन' म्हटलं की शहरातल्या पैसेवाल्यांचं दुखणं. सरकारी पत्रक मिळालं ते कानडीत, आणि ज्यांना ते सांगायचं त्या माझ्या वयाच्या बायकांना कानडी वाचता येत नाही. तुमच्या गावात कुणी हे केलं असेल तर सांगा.

आशाताई

काका, मांडवाचं नंतर बघू. आधी ती चिठ्ठी डायरीतून काढा.

धारवाड लांब वाटत असेल तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात विचारा. मनोचैतन्य म्हणून सरकारची योजना आहे, त्यात मंगळवारी मनाचे डॉक्टर तालुक्याला येतात. आधी फोन करून खात्री करून घ्या, म्हणजे फेरी फुकट जायची नाही. तिथं इतर पेशंटांसारखीच चिठ्ठी काढायची असते, रांगेत कोण कशासाठी उभा आहे ते कुणाला कळत नाही. भावाला हे सांगून बघा.

शब्दांचं म्हणाल तर मी घरोघरी फिरते, मला 'उदास वाटतंय' असं कुणीच सांगत नाही. 'डोकं जड आहे', 'छातीत धडधडतंय', 'अन्न गोड लागत नाही', 'कशात मन लागत नाही' असंच सांगतात. तुमच्या पुतण्याचा तो हात तसलाच. मांडवात तेच शब्द घ्या. झोप मोडलीय, जेवण तुटलंय, पूर्वी ज्यात जीव रमायचा ते नकोसं झालंय, आणि असं रोज, दोन आठवड्यांच्या वर चाललंय, तर तो आळस नाही, दाखवायला पाहिजे. एवढं लोकांना पटकन कळतं.

आणखी एक, हे मी कळकळीनं सांगते. त्याला एकटं गाठून सरळ विचारा, 'जगू नये असं वाटतं का रे?' विचारल्यानं तसलं काही डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून पोरं रडून मोकळी होतात. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, मंगळवारची वाट बघू नका, त्याच दिवशी बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात न्या. शेतातली औषधं आजच कुलपात घाला, किल्ली वहिनींकडं द्या. टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठी सरकारची फोनवरची मदत, तिचा 14416 हा नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, भाषा निवडायला सांगतात.

निपाणीची लेक

काका, मी स्वतः ह्यातून गेलेय, म्हणून लिहिते. पीयूसीला, म्हणजे बारावीला, एका विषयात राहिले आणि तिथून सुरू झालं. मार्क हे निमित्त, आधीपासूनच काहीतरी चाललं होतं, ते आता कळतंय.

मला सगळ्यांत जास्त त्रास झाला तो समजूत काढणाऱ्यांचा. 'तुला काय कमी आहे', 'आमच्या वेळी चप्पल नव्हती'. बरं वाटलं ते आत्याजवळ. ती विड्या वळते. तिनं एकदाही काय झालं म्हणून विचारलं नाही. सूप मांडीवर घेऊन बसायची आणि मला शेजारी बसवून पानं कापायला द्यायची. साच्यावर पान ठेवायचं, कात्रीनं कापायचं, बाजूला ठेवायचं. पहिल्या दिवशी मी दहा-बाराच पानं कापली असतील. ती मोजत नव्हती. मधेच चहा पुढं सरकवायची, एवढंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मीच बोलायला लागले. मग तीच मला डॉक्टरांकडं घेऊन गेली, दिवसाची मजुरी बुडवून.

गोळ्यांबद्दल मांडवात जरूर सांगा, कारण घरं तिथंच चुकतात. पहिले दोन आठवडे मला नुसती मळमळ होती, फरक काहीच नाही. बाबा म्हणाले बंद कर. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की गुण यायला तीन-चार आठवडे जातील, म्हणून आत्या अडून बसली. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं सोडायच्याही नसतात, त्यांना विचारून हळूहळू कमी करायच्या.

पेन्शनर सुभेदार

डेअरीवाले, तुमची तळमळ कळली. पण माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. तुम्ही माईक हातात घेतलात की पहिल्या वाक्याला सगळा मांडव तुमच्या पुतण्याकडं वळून बघणार. लहान गाव आहे. त्याला विचारलंय का? नसेल विचारलं तर त्याची गोष्ट सांगायचा हक्क तुम्हाला नाही, काका असलात तरी.

मी रोज सकाळी मैदानावर पोरांना पळवतो. भरतीतनं परत आलेल्या पोराला आपण गावात कसं वागवतो ते बघा. निघताना हार, पेढे, स्टेटसला फोटो. परत आला की कट्ट्यावर 'काय मग फौजी?' वर्षभर तेच. मीही म्हटलंय हे, पोरांनी बरोबर घेतलं असेल असं धरून. आता म्हणत नाही. वय संपलेल्या पोरांना मी वेळ लावायला, नवीन पोरांची नावं लिहायला मैदानावर बोलावतो. त्यांची सकाळ रिकामी राहू नये, एवढाच हेतू.

बंगळूरच्या निम्हान्सनं, म्हणजे मनाच्या आजारांच्या सरकारी संस्थेनं, 2015-16 साली देशभर पाहणी केली होती, त्यात मोठ्या माणसांतल्या 20 मागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार झालेला दिसला. तुमच्या मंडळात साठ जण असतील तर तीन घरं धरा. मांडवात तसं बोला, एका पोराबद्दल नको. आणि भाषणापेक्षा आशाताईंसारख्या कुणाला तरी बोलवा, म्हणजे नंतर बायका त्यांना बाजूला घेऊन विचारतील. खरं बोलणं तेव्हा होतं.

डेअरीकाका

सगळ्यांचे उपकार. सुभेदार, तुमचं बरोबर आहे, मी त्याला विचारलंच नव्हतं. काल संध्याकाळी गोठ्यात गाठला. आशाताई, तुमचा प्रश्न तुमच्याच शब्दांत विचारला, तोंडातून निघता निघेना. बराच वेळ म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. मग म्हणाला, "पूर्वी वाटायचं. आता तेवढंही काही वाटत नाही." मी रात्री त्यांच्याच घरी झोपलो. औषधं कुलपात आहेत.

सकाळी 14416 ला लावून दिला. आधी नको म्हणाला, मग आत जाऊन वीस मिनिटं बोलला. काय बोलला ते मी विचारलं नाही. भावाला फक्त रांगेचं सांगितलं, की कुणाला कळत नाही. तो काही बोलला नाही, पण मंगळवारच्या गाडीची वेळ त्यानंच विचारली.

मांडवात माझं नाव घेऊ नका, एवढं पोरगा म्हणाला. नाही घेणार. आमच्या गावच्या आशाताईंना बोलावलंय.

उद्यापासून डेअरीवर माझ्या शेजारी पावत्या फाडायला बस, म्हटलंय. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. दुसरी खुर्ची काढून ठेवलीय.