वेबव्ह्यूमधली स्ट्रिंग: फोन मराठीत केला की अक्षरं बारीक होतायत

हळदपेठ_सांगली:
नमस्कार मंडळी, मार्केट यार्डातले हळद-बेदाण्याचे भाव दाखवणारं अँड्रॉइड अॅप करतोय. टेबलचं एचटीएमएल स्ट्रिंग्ज फाइलमधे सीडाटात (टॅग जसेच्या तसे राहतात तो कप्पा) ठेवलंय, त्यात मालाचं नाव, भाव आणि फॉन्ट साइझ स्ट्रिंग.फॉरमॅटनं (रिकाम्या जागा भरणारं फंक्शन) भरतो आणि लोडडेटानं वेबव्ह्यूला, म्हणजे अॅपमधे वेबपान दाखवणाऱ्या भागाला, देतो. फोन इंग्रजीत असला की साइझ २२ बरोबर दिसतोय, भाषा मराठी केली की अक्षरं एकदम बारीक. आणि हेडिंगला हॅशवाला (#) पिवळा कलर दिला की पुढचं सगळं गायब! वयस्कर शेतकरी बघणार आहेत, बारीक अक्षर चालणारच नाही.

मिरजकर_डेव्ह:
भावा, तयार झालेली स्ट्रिंग एकदा लॉगला काढून बघ, फॉन्ट साइझच्या जागी देवनागरी २२ दिसंल. लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) दिलं नाही की फॉरमॅट फोनची भाषा घेतंय, मराठीत परसेंट-डीचे (%d, आकड्यासाठीची रिकामी जागा) आकडे देवनागरी येतात, आणि सीएसएसला (पानाची सजावट ठरवणारे नियम) फक्त इंग्रजी अंक कळतात, मग ती ओळच सोडून देतंय. साइझ लोकेल.रूट (कुठल्याच भाषेचं नसलेलं लोकेल) देऊन वेगळा फॉरमॅट कर, भाव मात्र मराठीतच राहू दे, वाचणाऱ्याला तेच बरं पडतं.

कृष्णाकाठ:
एवढ्याला वेबव्ह्यू कशाला? टेक्स्टव्ह्यूत (साधा मजकूर दाखवणारा भाग) फ्रॉमएचटीएमएल वापर की, हलकं पडंल.

मिरजकर_डेव्ह:
त्यात टेबलचे टॅग चालत नाहीत हो दादा, ठळक-तिरपं असतं तर मीही तेच सांगितलं असतं.

वाई_कोडर:
कलरचं मी सांगतो. लोडडेटा तुझ्या मजकुराची डेटा यूआरएल (सगळा मजकूर पत्त्यातच भरलेला) बनवतंय आणि यूआरएलमधे हॅश आला की मजकूर तिथंच संपला असं धरतात. जुन्या व्हर्जनला खपून जायचं, अँड्रॉइड १० टार्गेट केलं की नाही. हॅशच्या जागी परसेंट-२३ (%23) लिहिता येतं पण त्या नादाला लागू नको, सरळ लोडडेटाविथबेसयूआरएल घे, एन्कोडिंग यूटीएफ-८. अॅसेट्समधला (अॅपसोबत जाणाऱ्या फाइल्सचा फोल्डर) मराठी फॉन्ट लावायचा असंल तर बेस यूआरएलला अँड्रॉइड_अॅसेटचा पाथ दे, नाहीतर नल, म्हणजे काहीच नाही.

हळदपेठ_सांगली:
दोन्ही जमलं, लई आभार! आता टेबलला विड्थ १०० टक्के दिली तर अॅपच क्रॅश होतंय, फॉरमॅटच्याच ओळीवर.

मिरजकर_डेव्ह:
तो टक्का फॉरमॅटला प्लेसहोल्डर, म्हणजे भरायची रिकामी जागा, वाटतोय. स्ट्रिंगमधे टक्क्याची खूण दोनदा लिही, बाहेर एकच येते. आणि मालाचं नाव कुणी हातानं टाइप करणार असंल तर भरायच्या आधी टेक्स्टयुटिल्सच्या एचटीएमएलएन्कोडमधून काढ, कुणी नावात टॅगच्या कंसाची खूण (<) टाकली तर टेबल फुटंल.